कुत्र्यासोबत पहाटेचं रान पाहायची कृती

ज्याच्या घरी कुत्रा आहे त्याला पहाटे उठावंच लागतं. थंडी असो, पाऊस असो, आदल्या रात्री शेवटची लोकल पकडून घरी आलेलो असो, सुटका नाही. पक्षीनिरीक्षक मुद्दाम गजर लावून जी वेळ साधतात, ती कुत्रेवाल्यांना वर्षभर आपोआप मिळते. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत रोज पहाटे शेकडो माणसं त्या वेळी रस्त्यावर असतात. त्याच वेळी पिंगळा ढोलीत परतत असतो, वटवाघळं झाडावर येऊन लटकत असतात, मुंगूस भिंतीच्या कडेने निघालेलं असतं. हे सगळं बघायचं कसं, त्याची ही कृती.

कुत्रा बरोबर असला की काही दिसत नाही, असं बरेच जण मानतात. मोकळ्या सोडलेल्या कुत्र्याबाबत ते पूर्ण खरं आहे. लीशवर चालणारा, हाक दिल्यावर थांबणारा कुत्रा मात्र आपल्याला एरवी कधीच दिसलं नसतं ते दाखवतो. तेव्हा सगळी मेहनत आधी कुत्र्यावर घ्यायची, दुर्बिणीचं नंतर बघू.

घरातली तयारी

कुत्र्याला एकच शब्द पक्का शिकवा: ‘थांब’. सुरुवात घरातल्या पॅसेजमध्ये करा. चालताना ‘थांब’ म्हणायचं आणि स्वतः खांबासारखं उभं राहायचं. त्याने मान वळवून तुमच्याकडे पाहिलं की लगेच खाऊ द्यायचा. बसला की नव्हे, पाहिलं की. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण पुढे रस्त्यावर मांजर किंवा मुंगूस दिसल्यावर त्याने ताण देण्याऐवजी तुमच्याकडे वळून पाहायला हवं. घरात जमलं की जिन्यात, मग सोसायटीच्या आवारात, मग रस्त्यावर. थांबण्याचा वेळ हळूहळू वाढवत एक मिनिटावर आणा. पिंगळा नीट पाहायला एक मिनिट पुरतं. रोज थोडं थोडं केलं तर काही आठवड्यांत जमतं. मोठा, हट्टी कुत्राही शिकतो, फक्त त्याचा खाऊ जास्त चविष्ट लागतो.

छातीवरून जाणारा हार्नेस घ्या आणि दीड मीटरची साधी लीश घ्या. लांब होत जाणारी, डबीत गुंडाळलेली लीश या कामाला नको. ती सुटताना आवाज करते, आणि झुडपात शिरलेला कुत्रा वेळेवर मागे घेता येत नाही. लीशचं टोक कमरेच्या पट्ट्याला अडकवलं की दोन्ही हात दुर्बिणीला मोकळे राहतात. कुत्रा तुमच्यापेक्षा ताकदवान असेल तर मात्र कमरेला बांधू नका, मनगटाशी धरा. गळ्यातल्या पट्ट्याला घुंगरू किंवा खुळखुळणारा बिल्ला असेल तर पहाटेपुरता काढून ठेवा.

दुर्बीण ८×४२ घ्या. आठ पट मोठं दाखवते आणि पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं असल्यामुळे अंधुक उजेडातही चित्र स्वच्छ दिसतं. खिशात मावणारी १०×२५ दिवसा बरी, पण पहाटे तिच्यातून झाडाची नुसती सावली दिसते. लहान टॉर्च, पाणी, विष्ठा उचलायच्या पिशव्या, छोटी वही, पेन्सिल. एवढं पुरे.

आणि लसी. रेबीज आणि डिस्टेंपर या दोन्हींची लस वेळेवर झालेली नसेल तर जंगलाच्या, खाडीच्या कडेला कुत्रा नेऊच नका. यात त्याचा जीव आहेच, पण रानातल्या प्राण्यांचाही आहे. डिस्टेंपरच्या विषाणूची लागण कोल्ह्यांना आणि इतर मांसभक्षक प्राण्यांनाही होते. २०१८ मध्ये गीरमध्ये सिंह मेले तेव्हा त्यांच्यात हाच विषाणू सापडला होता. ठाणे खाडीच्या कांदळवनात आजही कोल्हे आहेत.

रस्ता निवडणं

तीन प्रकारचे रस्ते आहेत आणि तिन्हींचे नियम वेगळे.

पहिला, जुन्या झाडांचा वस्तीतला रस्ता. डोंबिवली एमआयडीसीचा निवासी भाग, ठाण्यात कचराळी तलावाच्या आजूबाजूच्या गल्ल्या, कल्याणात काळा तलावाकडचे रस्ते. सुरुवात इथूनच करा. पर्जन्यवृक्ष, आंबा, चिंच, जंगली बदाम, उंबर अशी झाडं असली की पिंगळा, राखी धनेश, तांबट, शिंजीर, दयाळ, वटवाघूळ, खार आणि नशीब असेल तर उदमांजर, एवढं सगळं इमारतींच्या मधोमध मिळतं. तलावाकाठच्या काही उद्यानांत कुत्र्यांना मनाई असते. तशी पाटी असेल तर बाहेरच्या फूटपाथवरून चाला. पक्षी कुंपण पाहत नाहीत.

दुसरा, पाण्याकाठचा. दुर्गाडीच्या आणि गांधारीच्या बाजूचा उल्हास नदीचा काठ, डोंबिवली पश्चिमेला मोठागाव रेतीबंदर आणि सातपूल, निळजे तलाव, ठाण्यात कोपरी-कोळशेतकडची खाडी. ढोकरी, गायबगळे, पाणकावळे, खंड्या, शराटी, हळदीकुंकू बदक ही इथली रोजची मंडळी. इथे कुत्रा बांधावरच ठेवा. चिखलात उतरू देऊ नका, तो दिसतो त्याहून खोल असतो आणि त्यात काचा असतात. शिवाय ओहोटीला त्याच चिखलावर पक्षी चरत असतात. कुत्रा एकदा उतरला की त्यांची सकाळ संपली.

तिसरा, डोंगराच्या पायथ्याचा: उपवन, मानपाडा, घोडबंदर रस्त्यालगतच्या वसाहतींची मागची बाजू. याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे. आधी एवढंच की संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत पाळीव कुत्रा न्यायचा नसतो. येऊरला रान पाहायला जायचं असेल त्या दिवशी कुत्रा घरी ठेवा.

एकदा रस्ता निवडला की तो निदान महिनाभर बदलू नका. नव्या रस्त्यावर कुत्र्याला प्रत्येक खांब हुंगायचा असतो आणि तुम्हालाही कुठल्या फांदीवर काय बसतं हे माहीत नसतं. ओळखीच्या रस्त्यावर जे नेहमीचं नाही ते लगेच डोळ्यात भरतं.

निघणं आणि ऐकणं

ठाण्यात जूनच्या सुरुवातीला सहाच्या सुमारास उजाडतं, जानेवारीत सूर्य सव्वासातच्या आसपास वर येतो. वस्तीतल्या रस्त्यावर सूर्योदयाच्या अर्धा-पाऊण तास आधी पाय ठेवा. कुत्र्याला आधी त्याचं काम उरकू द्या, तोवर इकडेतिकडे पाहायची घाई नको. त्याचं पोट मोकळं झालं की तो शांत चालतो.

मग पहिल्या थांब्यावर उभे राहा आणि फक्त ऐका. मार्च ते जुलैमध्ये बहुधा सगळ्यात आधी दयाळ गाऊ लागतो, अगदी अंधारात, टीव्हीच्या अँटेनावर किंवा सुकलेल्या फांदीच्या टोकावर बसून. मग कोकीळ. मग कुठूनतरी भारद्वाजाचं घुमणारं हूप-हूप-हूप. बुलबुल, साळुंक्या, कावळे. तांबटाची टुक-टुक जरा उन्हं वर आल्यावर. हा क्रम कानात बसला की त्यातला खंड लगेच कळतो, आणि पाहायचं असतं ते खंडाकडे.

कारण पहाटेचे सगळ्यात उपयोगी आवाज गाण्याचे नसतात, भांडणाचे असतात. चार-पाच बुलबुल आणि एखादी खार एकाच झुडपावर तोंड करून कर्कश ओरडत असतील तर त्या झुडपात साप, मांजर किंवा मुंगूस आहे. कावळे एका फांदीभोवती कोंडाळं करून कलकलाट करत असतील तर तिथे घुबड सापडलं आहे. सातभाईंचा थवा जमिनीकडे पाहून एका सुरात ओरडू लागला तर कुत्र्याला तिथेच थांबवा, लीश आखूड करा आणि पायाखाली पाहा. मोकळ्या माळावर टिटवी डोक्यावरून घिरट्या घालत ओरडू लागली तर तिची अंडी जवळ आहेत. मागे फिरा.

मोबाइलवर मर्लिनसारखी अॅप्स आवाजावरून पक्षी ओळखायला मदत करतात. नवशिक्याला चांगली आहेत. त्यांनी सांगितलेलं नाव ही सूचना समजा आणि पक्षी डोळ्यांनी दिसल्यावरच वहीत लिहा. पक्ष्याचा रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून त्याला बाहेर काढू नका. विणीच्या दिवसांत नर स्वतःच्या हद्दीत दुसरा नर घुसला असं समजून अंडी-पिल्लं सोडून धावत येतो.

कुत्र्याकडे पाहणं

आता या कृतीचा गाभा. माणसाला वीस हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून वरचा. चिचुंद्रीचं बारीक चिरचिरणं, गवतात उंदीर सरकल्याची सळसळ त्याला आधी कळते. नाकाची तर तुलनाच नको. म्हणून झाडांकडे पाहत चालण्याआधी आपल्या कुत्र्याच्या कानांकडे पाहत चालायला शिका.

दोन्ही कान एकाच दिशेला टवकारले आणि पाय थबकले, तर तिकडे हालचाल आहे. त्या रेषेत, कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीवर आधी पाहा. आपण सवयीने वर पाहतो आणि मुंगूस जमिनीलगत निघून जातं. नाक वर करून हवा हुंगत असेल तर वास वाऱ्यावरून येतो आहे, प्राणी दूर आहे. वारा कुठून येतो ते बघा आणि त्या दिशेला दुर्बीण लावा. नाक जमिनीला चिकटवून झिगझॅग चालत असेल तर रात्री कोणीतरी तिथून गेलं आहे, आता तिथे नाही. मान उंच आणि शेपूट ताठ ठेवून तो एखाद्या झाडाच्या बुंध्याशी उभा राहिला तर झाडावर मांजर किंवा उदमांजर असण्याची शक्यता मोठी.

पाचवी खूण वेगळी आहे. कुत्रा अचानक मागे सरकला, शेपूट पोटाखाली गेली, तुमच्या पायांना चिकटला, पुढे यायला तयार नाही. वस्तीत असं झालं तर बहुतेक वेळा पुढच्या वळणावर भटक्यांची टोळी असते. डोंगरालगत असं झालं तर त्याचं ऐका. ओढू नका, समजूत घालू नका, आल्या वाटेने परत फिरा.

भटक्या कुत्र्यांबद्दल एवढंच: त्यांच्या हद्दी ठरलेल्या असतात, त्या आठवडाभरात कळतात. लांबूनच रस्ता ओलांडा, पळू नका, नजर रोखू नका.

कुत्रा जिथे जास्त वेळ हुंगतो तिथली जमीनही वाचा. जंगली बदामाखाली चावून टाकलेली फळं पडलेली असतील तर वर रात्री वटवाघळं येतात. ती फळं कुत्र्याला तोंडात घेऊ देऊ नका. कंपाउंडच्या भिंतीवर किंवा गच्चीच्या कठड्यावर बियांनी भरलेली विष्ठा हे उदमांजराचं काम. जुन्या झाडाखाली बोटाच्या पेराएवढे राखाडी, केसाळ गोळे मिळाले तर एखादा काडीने फोडून पाहा. आत उंदराची हाडं सापडतील. घुबड न पचलेला भाग असा ओकून टाकतं. त्या झाडावर दिवसाही घुबड असण्याची शक्यता असते, खोडाला चिकटून, डोळे अर्धवट मिटून.

टॉर्च पायापुरता वापरा. फांदीवर बसलेल्या घुबडाच्या डोळ्यांत प्रकाश मारू नका, ते काही वेळ आंधळं होतं. कावळ्यांनी तेवढ्यात गाठलं तर त्याचं काही खरं नाही.

डोंगरालगत: बिबट्या

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं आहे आणि त्याची पूर्वेची कडा ठाण्याच्या इमारतींना टेकलेली आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये एक बिबट्या ठाण्यात थेट मॉलच्या आवारात शिरला आणि नंतर जवळच्या हॉटेलात सापडला. नोव्हेंबर २०२२ मध्ये कल्याण पूर्वेला चिंचपाडा भागात एक बिबट्या निवासी इमारतीत घुसला होता. हे अपवाद होते. नियम असा आहे की तो रात्री येतो, कुणाला न दिसता कुत्रा उचलतो आणि जातो. उद्यानाच्या कडेच्या बिबट्यांच्या खाण्यात भटक्या कुत्र्यांचा वाटा मोठा असल्याचं अभ्यासकांनी वारंवार दाखवलं आहे. कचरा साठतो, त्यावर कुत्रे येतात, कुत्र्यांमागे बिबट्या येतो. लीशवरचा तुमचा लॅब्रेडॉर आणि उकिरड्यावरचा भटक्या यांत बिबट्या भेद करत नाही.

म्हणून इथले नियम कडक आहेत. पूर्ण उजाडल्याशिवाय निघायचं नाही. एकट्याने जायचं नाही. लीश आखूड, कुत्रा पायाशी. गप्पा मारत चालायचं, कारण इथे आपली चाहूल लागणंच हिताचं. झाडी दोन्ही बाजूंनी जवळ येते तिथून पुढे जायचं नाही. चितळांचा किंवा माकडांचा इशाऱ्याचा आवाज आला तर त्या दिवशीचं फिरणं तिथेच संपवायचं.

बिबट्या समोर आलाच तर पळू नका, वाकू नका, खाली बसू नका. लहान कुत्रा असेल तर नजर न काढता उचलून घ्या. हात वर करून मोठ्याने ओरडा आणि त्याला निघून जायला वाट ठेवत हळूहळू मागे सरका. मोबाइल काढून व्हिडिओ घ्यायच्या भानगडीत पडू नका. या डोंगरातले वारली पिढ्यान्‌पिढ्या वाघोबाला पूजत आले आहेत आणि त्याची वाट त्याला सोडत आले आहेत. टॉवरमध्ये राहायला आलेल्या आपण निदान अंधाराचे तास त्याला सोडावेत.

पावसातली भर

पावसाळ्यात या कृतीत थोडे बदल. जूनमध्ये चातक येतो, येऊरच्या रानात नवरंगाची दोन सुरांची शीळ सुरू होते, आणि वस्तीलगतच्या ओलसर गवतात पांढऱ्या छातीची पाणकोंबडी पहाटेपासून क्वाक-क्वाक लावते. ऐकायला हा उत्तम काळ. पण नाग, घोणस, मण्यार, फुरसं हे चारही विषारी साप आपल्याकडे आहेत आणि कुत्रा नाक पुढे करूनच गवतात शिरतो. पाऊस आहे तोवर डांबरी किंवा सिमेंटच्या रस्त्याच्या मधून चाला, गवताच्या कडेने नको. साप चावल्याचा संशय आला तर दोरी बांधणं, कापणं, चोखणं काही करू नका. कुत्र्याला चालवू नका, उचलून पशुवैद्याकडे न्या. आपल्या भागात कुठल्या पशुवैद्याकडे सर्पदंशावरचं प्रतिविष असतं आणि पहाटे कोण फोन उचलतं, हे मे महिन्यातच विचारून नंबर मोबाइलमध्ये ठेवा. कुत्र्याने बेडकाला तोंड लावलं आणि फेस येऊ लागला तर तोंड वाहत्या पाण्याने बाहेरच्या बाहेर धुवा आणि डॉक्टरांना फोन करा. घरी आल्यावर कान, बोटांची बेचकी आणि काखा चाचपून गोचिड्या काढा.

बाकीच्या ऋतूंची धावती यादी: ऑक्टोबरात धोबी आणि माळभिंगऱ्या, थंडीत हळद्या, फेब्रुवारी-मार्चमध्ये फुललेल्या सावरी-पांगाऱ्यावर भोरड्यांचे थवे, आणि साधारण नोव्हेंबर ते मे ठाणे खाडीत रोहित (फ्लेमिंगो). खाडीचा ऐरोलीकडचा भाग २०१५ पासून रोहित अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. रोहित पाहायला जाताना कुत्रा नको, तो वेगळा दिवस काढा.

टिटवीसाठी

एक सूचना ठळक लिहितो. साधारण मार्च ते ऑगस्ट या काळात भोपर, पडले, निळजे, खिडकाळी या बाजूच्या माळांवर कुत्रा मोकळा सोडू नका. मोकळं मैदान दिसलं की त्याला पळू द्यावंसं वाटतं, आपल्या सगळ्यांनाच वाटतं. पण टिटवी घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीवर खडे सारून चार अंडी घालते, तीही मातीच्याच रंगाची. रातवाही जमिनीवरच अंडी घालतो. आपल्याला ती दिसत नाहीत, कुत्र्याच्या नाकाला सापडतात. त्याने तोंड नाही लावलं तरी पालक उडून जातात आणि एप्रिलच्या उन्हात उघडी पडलेली अंडी थोड्या वेळात शिजतात. पळवायचंच असेल तर सोसायटीचं आवार आहे, कुंपणाचं मैदान आहे.

नोंद

घरी आल्यावर, चहाच्या आधी, वही उघडा. तारीख, वेळ, जागा, काय दिसलं, किती, काय करत होतं. कुत्र्याने आधी दाखवलं की तुम्ही आधी पाहिलं, तेही. मराठी नावात अडलं तर मारुती चितमपल्लींचा ‘पक्षिकोश’ जवळ असू द्या. आठवड्यातून एकदा या नोंदी ई-बर्ड या संकेतस्थळावर टाकल्या तर त्या अभ्यासकांच्या कामी येतात. घुबडाच्या ढोलीचा, बिबट्या दिसल्याचा किंवा कुठल्याही घरट्याचा नेमका पत्ता मात्र सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका. दुसऱ्या दिवशी तिथे कॅमेरे जमतात. जखमी पक्षी किंवा प्राणी सापडला तर कुत्र्याला लांब बांधा आणि वनविभागाच्या १९२६ या मदतक्रमांकावर फोन करा.

डोंबिवलीच्या मागचे माळ आणि कल्याणची खाजणं दरवर्षी कमी होत आहेत. तिथे काय होतं हे पुढे कुणी विचारलं तर रोज त्याच वाटेने, त्याच वेळी जाणाऱ्या माणसाची तारीखवार वही हा पक्का पुरावा असेल. उद्या पहाटे निघताना खिशात पेन्सिल टाका.